सिक्वेन्सिंगची लायब्ररी: टॅगमेंटेशन घ्यावं की लायगेशन?

सिक्वेन्सिंग म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं, आणि त्यासाठी टोकांना ॲडॅप्टर (मशीनला ओळखू येणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावलेल्या तुकड्यांचा संच म्हणजे लायब्ररी. ती बनवायच्या या दोन पद्धती. लायगेशनमध्ये आधी डीएनए तोडायचा, मग तुकड्यांची टोकं दुरुस्त करून त्यांना एकेक 'ए' (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) जोडायचा आणि त्यावर ॲडॅप्टर चिकटवायचे. टॅगमेंटेशनमध्ये ट्रान्सपोझेज हे एकच एन्झाइम डीएनए कापतं आणि कापता कापताच ॲडॅप्टरचा तुकडा बसवतं. टॅगमेंटेशन तीन-चार तासांत उरकतं, लायगेशनला बहुतेक वेळा जास्त टप्पे लागतात. बरेच जण किटच्या किमतीवरून ठरवतात. आमचं म्हणणं, आधी हातातला डीएनए कसा आहे ते बघा.

परळच्या रुग्णालयांतून येणाऱ्या मेणाच्या ब्लॉकमधला (म्हणजे मेणात जपलेल्या ऊतींमधला) डीएनए फॉर्मॅलिनने आधीच तुटलेला असतो. ट्रान्सपोझेजला दोन ठिकाणी बसायला लांब धागा लागतो. आखूड तुकडे निसटून जातात. इथे लायगेशनच घ्या, दुसरा विचार नको. क्षयाच्या जिवाणूच्या जीनोममध्ये जीसीचं (जी आणि सी या अक्षरांचं) प्रमाण सुमारे 65 टक्के असतं आणि द्रावणातल्या ट्रान्सपोझेजला कुठे बसायचं याची आवडनिवड असते. एकसारखं कव्हरेज (जीनोमचा प्रत्येक भाग सारख्याच वेळा वाचला जाणं) हवं असेल, तर तिथेही लायगेशन उजवं ठरतं.

उलट, जिवाणूंचे शंभरेक आयसोलेट (वेगळे करून वाढवलेले नमुने) असतील, डीएनए लांब आणि स्वच्छ असेल, तर बीड्सवर (बारीक चुंबकीय मण्यांवर) बसवलेलं ट्रान्सपोझेज निवडा. इलुमिना डीएनए प्रेप हे किट त्याचं नेहमीचं उदाहरण. 100 ते 500 नॅनोग्रॅम डीएनए घातला की बीड्स भरतात आणि जादा डीएनए तसाच राहतो. त्यामुळे सगळ्या नमुन्यांचं उत्पादन जवळपास सारखं येतं, प्रत्येकाची मोजणी काटेकोर करत बसावं लागत नाही. नेक्स्टेरा एक्सटी हे टॅगमेंटेशनचं किट मात्र ही सवलत देत नाही: 0.2 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरचे बरोबर 5 मायक्रोलिटर. जास्त घातलात तर तुकडे लांब राहतात आणि फ्लोसेलवर (सिक्वेन्सरमधल्या काचेच्या पट्टीवर) नीट क्लस्टर (एकाच तुकड्याच्या प्रतींचे पुंजके) होत नाहीत. कमी घातलात तर फार बारीक होतात. प्रकाश शोषणावरून मोजणारं नॅनोड्रॉप आरएनएही धरून मोजतं, म्हणून इथे फक्त डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने मोजणारं क्युबिटच.

डीएनए टीई बफरमध्ये असेल, तर त्यातला 1 मिलिमोलर ईडीटीए हे रसायन एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि ट्रान्सपोझेज मंदावतं. 10 मिलिमोलर ट्रिसमध्ये (पीएच 8 ते 8.5) इल्यूट करा, म्हणजे डीएनए त्यात उतरवून घ्या. सोनिकेटर परवडत नाही म्हणून लायगेशनआधी एन्झाइमने डीएनए तोडणार असाल, तर काही किटांत हीच काळजी घ्यावी लागते. शिवाय 37 अंशांवरचा वेळ घड्याळ लावून मोजा, कारण मिनिटागणिक तुकडे लहान होत जातात.

आता मुंबईच्या हवेबद्दल. प्रोटोकॉलमधलं 'रूम टेम्परेचर' म्हणजे 20 ते 25 अंश; मे महिन्यात एसी बंद असेल तर आपलं बेंच 30 च्या वर असतं. लायगेशनची 20 अंशांची 15 मिनिटं बेंचवर काढू नका, थर्मोसायकलरमध्ये (तापमान नेमकं राखणाऱ्या मशीनमध्ये) ठेवा, झाकणाची हीटिंग बंद करून. टॅगमेंटेशन 55 अंशांवर मशीनमध्येच होतं, त्यामुळे तिथे खोलीच्या हवेचा त्रास कमी.

बीड्सची धुलाई (डीएनए चुंबकीय बीड्सवर धरून धुणं) दोन्हींत आहे आणि बहुतेक उत्पादन तिथेच वाया जातं. बीड्स फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, तळाचा थर पूर्ण मिसळेपर्यंत हलवा. 80 टक्के इथेनॉल त्याच दिवशी बनवा. पावसाळ्यात उघड्या बाटलीतलं शुद्ध इथेनॉल ओल धरतं, मग प्रमाण घसरतं आणि धुताना डीएनएही सुटून जातो. दुसऱ्या धुलाईनंतर तळाचा थेंब 10 मायक्रोलिटरच्या टिपने काढा आणि बीड्सच्या गोळीवर नजर ठेवा. ती चकचकीत असते, मग मॅट दिसू लागते; त्याच क्षणी बफर घाला. तडे गेले की डीएनए बीड्सवरून पुरता सुटत नाही. एसीच्या झोताखाली हे फार लवकर घडतं.

ॲडॅप्टर डायमर (मधे डीएनए नसताना एकमेकांना चिकटलेले ॲडॅप्टर) हे प्रामुख्याने लायगेशनचं दुखणं. डीएनए 100 नॅनोग्रॅमहून कमी असेल तर ॲडॅप्टर किटच्या तक्त्याप्रमाणे पातळ करा. टेपस्टेशनवर (तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या यंत्रावर) 120-130 बेसच्या आसपास शिखर दिसलं तर नमुन्याच्या आकारमानाच्या 0.8 ते 0.9 पट बीड्सने पुन्हा धुवा. हे तुकडे आखूड असल्याने क्लस्टर बनवण्यात पुढे असतात, थोडे असले तरी रीड्सचा (मशीनने वाचलेल्या तुकड्यांचा) मोठा वाटा खातात. लोडिंगचा (सिक्वेन्सरमध्ये किती लायब्ररी घालायची याचा) हिशोब दोन्हींत सारखाच: 400 बेसची, 2 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरची लायब्ररी म्हणजे सुमारे 7.6 नॅनोमोलर. डायमर शिल्लक असेल तर हा आकडा धरून लोड करू नका, आधी धुवून पुन्हा मोजा.