टीफलिंग की ड्राउ?

रविवारी आम्ही दादरला एका मित्राच्या घरी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, काल्पनिक जगातलं एकेक पात्र होऊन टेबलावर खेळायचा खेळ) खेळतो. या वेळी माझी मावसबहीण पहिल्यांदा बसणार आहे. तिला लोक ज्याच्याकडे संशयानं बघतात असंच पात्र हवंय, आणि ती टीफलिंग (शिंगं-शेपूट असलेली माणसासारखी जात) आणि ड्राउ (जमिनीखाली राहणारे एल्फ) या दोघांत अडकलीय.

लोकांचा संशय आधी बघू. टीफलिंगच्या रक्तात नरकाचा अंश, म्हणून माणसं बिचकतात. त्याने स्वतः काही केलेलं नसतं. ड्राउचं तसं नाही. जमिनीखालून येऊन त्यांनी गावं लुटलेली असतात, त्यामुळे समोरच्या म्हातारीचा राग खरा असतो. मला हा फरक सगळ्यात मोलाचा वाटतो. आमच्या खेळात एका सराईवाल्याने ड्राउला पाणी दिलं, पण पेला परत घेतला नाही, फोडून टाकला. टेबलावर कुणी बोललंच नाही.

लपणं? ड्राउ डोक्यावरून टोपडं ओढून निभावतो. टीफलिंग शिंगं आणि चार-पाच फुटी शेपूट कुठे लपवणार!

२०१४च्या नियमांत ड्राउला अंधारात १२० फुटांपर्यंत दिसतं, टीफलिंगला ६०. पण थेट उन्हात ड्राउचे वार चुकण्याची शक्यता बरीच वाढते. २०२४च्या नियमांत ही अडचण काढलीय, तेव्हा कुठले नियम ते डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) आधीच विचार. २०१४च्या नियमांत टीफलिंगला आगीचा त्रास निम्माच.

पहिलाच खेळ असेल, निर्दोष असून नाकारलं जाणं जगून बघायचं असेल, तर टीफलिंग घे. आपल्या माणसांच्या पापाचं ओझं वाहायचं असेल आणि डीएम ते नीट हाताळणारा असेल, तर ड्राउ.