कोसी: तटबंध हवेत की पात्राला वाव?

कोसी नदी हिमालयातून प्रचंड गाळ आणते आणि बिहारच्या सपाटीवर वेग मंदावताच तो टाकते. पात्र भरले की ती शेजारचा सखल मार्ग धरते. अशा रीतीने सुमारे 200 वर्षांत ती 100 किलोमीटरहून अधिक पश्चिमेला सरकली.

1954 च्या पुरानंतर दोन्ही तीरांवर तटबंध उभे राहिले. त्यांनी बाहेरच्या शेतांना दरवर्षीच्या पुरापासून दिलासा दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पूर्वी मैदानभर पसरणारा गाळ आता दोन भिंतींमध्येच साचतो, तळ उंचावतो आणि आत अडकलेली शेकडो गावे दर पावसाळ्यात पाण्यात जातात. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमधील कुसहा येथे पूर्व तटबंध फुटला, तेव्हा प्रवाह तटबंधाच्या क्षमतेपेक्षा बराच कमी होता. नदी थेट पूर्वेकडच्या जुन्या मार्गाने धावली आणि पाणी ओसरल्यावर कित्येक शेतांत धानाच्या जागी पांढरी वाळू उरली.

दुसरा पर्याय तटबंध मागे सरकवण्याचा आणि ‘धार’ म्हणून ओळखले जाणारे जुने प्रवाह दरवाजांमधून पुन्हा जोडण्याचा आहे. त्याने पुराचे पाणी विभागले जाते आणि पाणथळ जागा जिवंत होतात. मात्र त्यासाठी जमीन लागते, आणि त्या धारांमध्ये आज वस्त्या आहेत. त्यांचे पुनर्वसन आधी होणार असेल, तरच मला हा पर्याय न्याय्य वाटतो. सुपौल, सहरसा यांसारख्या शहरांजवळ तटबंध राखावेच लागतील.