अंडरसीट, सील्ड की पोर्टेड? छोट्या गाडीला कुठला सबवूफर घ्यावा

गाडीत सबवूफरचा (म्हणजे फक्त खालचे, जाड सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा) बास तर हवाय पण डिकी जाऊ द्यायची नाहीये, पुण्याच्या नाना पेठेत चार दुकानं फिरून आलं तरी बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मी माझ्या हॅचबॅकमध्ये आधी अंडरसीट (सीटखाली बसणारा) वापरला, आता 10 इंची सील्ड बॉक्स (सगळीकडून बंद पेटी) आहे, आणि मित्राच्या गाडीतला 12 इंची पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेली पेटी) भरपूर ऐकलाय, त्यामुळे तिन्हीबद्दल सांगतो.

सीएनजी गाडी असेल तर प्रश्नच मिटला, डिकी बहुतेक वेळा टाकीनेच भरलेली असते, सरळ अंडरसीट घ्या. सबवूफर आणि त्याला ताकद देणारा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) एकाच चपट्या डब्यात येतो, आणि हाय लेव्हल इनपुट असलेलं मॉडेल घेतलं तर कंपनीचा स्टिरिओ बदलायची गरज नाही, स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल मिळतो. पण घ्यायच्या आधी सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून खालची उंची टेपने मोजा, कारण काही गाड्यांत तिथून एसीची डक्ट जाते. आणि पावसाळ्यात मॅटखाली पाणी साचतं त्याचाही विचार करा. बास खाली 50-60 हर्ट्झपर्यंत (आकडा जितका कमी तितका सूर खोल) छान मिळतो, 40 च्या खाली फारसं काही येत नाही. बेस गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 41 हर्ट्झची असते, म्हणजे बहुतेक गाण्यांना हे पुरतं.

सील्ड बॉक्सचा बास खाली जाताना हळूहळू उतरतो आणि बंद केबिन नेमक्या त्याच खालच्या फ्रिक्वेन्सी उचलून धरते, म्हणून छोट्या गाडीत हा बॉक्स फार छान जमून येतो. माझं मत विचाराल तर डिकीतली एका बॅगेची जागा सोडू शकत असाल तर हाच घ्या. पोर्टेड तेवढ्याच पॉवरमध्ये जास्त मोठा वाजतो हे खरं, पण बॉक्स बराच मोठा लागतो, आणि पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलाय त्याच्या खाली कोनवरचा (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावरचा) ताबा सुटतो, म्हणून अ‍ॅम्पवर सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर कापणारी सोय, पाहिजेच. बॉक्स सबवूफरच्या मापाने बनवलेला नसेल तर सगळी गाणी एकाच सुरात घुमतात. मित्राच्या गाडीत अगदी तेच होतं.

पण खरं सांगू का, तिन्हीपैकी काहीही घ्या, सेटिंग चुकलं तर सगळे पैसे पाण्यात. लो पास (सबवूफरला फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि सोय असेल तर दरवाज्याच्या स्पीकरला हाय पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारा) पण तेवढाच लावा. बास बूस्ट शून्य. स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत नेऊन अ‍ॅम्पवरचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. मग फेज, म्हणजे सबवूफर आणि दरवाज्याचे स्पीकर एकाच वेळी पुढे-मागे हलतात की उलटे, त्याचं बटण. यासाठी मी ढोल-ताशाचं चांगलं रेकॉर्डिंग लावतो. ढोलाची थाप येते सबवूफरमधून आणि टिपरूचा कडक आवाज दरवाज्यातून, फेज चुकला असेल तर थाप मागे डिकीत राहते आणि टिपरू पुढे, एका ढोलाचे दोन ढोल होतात. ड्रायव्हरच्या सीटवर बसून 0 आणि 180 दोन्ही करून बघा, ज्यात थाप भरीव होऊन समोर येते ते ठेवा. माझ्या गाडीत 180 वर ती डॅशबोर्डवर आली, तेव्हा अंगावर काटा आला.

वायरिंगमध्ये कंजूषी नको. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, पॉवर केबल एका बाजूने आणि आरसीए (स्टिरिओकडून अ‍ॅम्पला आवाजाचा सिग्नल नेणारी वायर) दुसऱ्या बाजूने. 500 वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या खऱ्या पॉवरचा) अ‍ॅम्प असेल तर 4 गेज जाडीची शुद्ध तांब्याची केबल घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. डब्यावर मॅक्स वॅट मोठ्या अक्षरात छापलेले असतात ते सोडा, आरएमएस बघा. माझा पहिला अ‍ॅम्प बसवणाऱ्याने अर्थिंग रंगावरच आवळलं होतं, अ‍ॅक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची, गिअर बदलला की सूर बदलायचा. शेवटी पार्किंगमध्ये बसून बोल्ट काढला, पॉलिश पेपरने खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, परत आवळला, शिट्टी बंद. म्हणून दुकानातून निघायच्या आधी इंजिन चालू ठेवून, आवाज कमी करून, रेस देऊन ऐका, आणि डिकी बंद करून ऐका, उघड्या डिकीत बास वेगळाच लागतो.