एसीएल शस्त्रक्रियेनंतरचा गुडघा : नऊ महिने वापरून

एसीएल हा गुडघ्याच्या आतला अस्थिबंध; तो फाटला की त्याच्या जागी दुसरीकडची कंडरा बसवतात, तिला ग्राफ्ट म्हणतात. हा ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूचा) घ्यावा की गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा, यावर शस्त्रक्रियेआधी सगळ्यात जास्त खल होतो. गुडघा नऊ महिने वापरल्यावर माझं मत असं, की त्या वादाला गरजेपेक्षा जास्त मान मिळतो. पाय लवकर पूर्ण सरळ झाला का आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा झाला का, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

तरी ग्राफ्टचं थोडक्यात. हॅमस्ट्रिंगच्या कंडरा दुमडून अनेकपदरी ग्राफ्ट करतात. जाडी ८ मिमीपेक्षा कमी भरली तर पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. वाटीखालच्या ग्राफ्टला दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असतो, म्हणून तो हाडातल्या बोगद्यात लवकर पकड घेतो, पण गुडघा टेकून बसणं बरेच महिने दुखतं. नडगीच्या वरच्या भागात बधिर पट्टा राहिला तर घाबरू नये. छेद घेताना त्वचेची बारीक नस दुखावते, त्याचा हा परिणाम.

आता पाय सरळ करणं. उताणं झोपायचं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याखाली काहीही नाही, दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. गुडघ्याखाली उशी घेतली की फार बरं वाटतं, आणि घात तिथेच होतो. मोजायचं असेल तर पालथं झोपून दोन्ही पाय पलंगाच्या कडेबाहेर सोडा आणि कुणाला तरी टाचांची उंची बघायला सांगा. १ सेंमी फरक म्हणजे साधारण १ अंश. काही महिन्यांनीही शेवटचे अंश अडत असतील आणि पुढच्या बाजूला काहीतरी चिमटल्यासारखं होत असेल, तर ग्राफ्टसमोर ‘सायक्लॉप्स’ नावाची गाठ असू शकते. ती ताणून जात नाही, दुर्बिणीतूनच काढावी लागते.

सूज असली की मांडीचा स्नायू आखडता हात घेतो. तुम्ही कितीही जोर लावा. पाय सरळ उचलताना टाच मागे राहिली आणि गुडघा किंचित वाकलेलाच राहिला, तर कुबड्या सोडायची घाई नको. एकच कुबडी उरली की ती चांगल्या पायाच्या बाजूला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. ब्रेस (गुडघ्याला बांधायचा बिजागरीचा आधार) दिला असेल तर बिजागरी वाटीच्या मध्याशी आहे ना, हे दर थोड्या वेळाने बघा, कारण तो घसरतोच. मेनिस्कसलाही (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीलाही) टाके घातले असतील तर वजन टाकण्याचे आणि वाकवण्याचे नियम वेगळे असतात. दुसऱ्याचं वेळापत्रक उचलू नका.

व्यायाम जास्त झाला का, हे दुखण्यापेक्षा पाणी चांगलं सांगतं. वाटीच्या आतल्या बाजूने तळहात दोन-तीनदा वर फिरवा, मग बाहेरच्या बाजूने खाली. आतली खोबण पुन्हा फुगली तर गुडघ्यात पाणी आहे. दुसऱ्या दिवशी भार कमी करा. पोटरी दुखून सुजली किंवा ताप येऊन गुडघा गरम झाला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यात फसवा काळ साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्याचा. दुखणं गेलेलं, चाल सुधारलेली, आणि ग्राफ्ट मात्र सगळ्यात कमजोर, कारण नवा रक्तपुरवठा येऊन त्याची आतून पुनर्बांधणी चालू असते. पाय रोवून वळणं, ओल्या फरशीवरची घाई, ‘जरा पळून बघू’ हे सगळं याच काळात सुचतं. हॅमस्ट्रिंग ग्राफ्टवाल्यांनी गुडघा सरळ ठेवून बुटाच्या नाड्या बांधायला वाकू नये. मांडीच्या मागे ‘फट्’ होतं आणि काही आठवडे वाया जातात.

खेळात परतायला नऊ महिने ही किमान मुदत धरा. नुसतं कॅलेंडर पुरत नाही; ताकद आणि एका पायावरच्या उड्या दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हव्यात. यातही एक गोम आहे. इतके महिने कमी वापरल्याने चांगला पायही कमजोर होतो आणि टक्केवारी उगाच छान दिसते. म्हणून चांगल्या पायाची ताकद शस्त्रक्रियेआधीच मोजून घ्या आणि तुलना त्या आकड्याशी करायला फिजिओला सांगा.