सात महिने वापरलेला श्वासाचा दिवा आणि त्याची ती पिन

दिवा कसा चालतो ते ठाऊक असेलच. निळा फुलतो तेव्हा 4 सेकंद श्वास आत, जांभळा मावळतो तेव्हा 6 सेकंद बाहेर. म्हणून थेट मुद्द्यावर येते : चार्जिंगची पिन भिकार आहे. 1,499 रुपये मोजले आणि पिन मात्र जुन्या मोबाइलची, उलटी धरली की शिरतच नाही.

आमचे हे मालगाडीवर लोको पायलट. भुसावळात रात्री ड्युटीचा कॉल आला की नऊ वर्षांची लेक पोट धरून बसायची. "पप्पा येतील ना?" एका रात्री मी मोजलं, सतरा वेळा. दिवा आला आणि आठवड्याभरात ती वेळेवर झोपू लागली. (श्वास सावकाश सोडला की ठोके मंदावतात, एवढं त्यात खरं आहे.) धुळ्याच्या सासूबाई तेवढ्या "दीड हजारना दिवा?" म्हणत राहिल्या. मी पाच तारे दिले होते.

ते मागे घेते. ऐन मे महिन्यात पिन सैल झाली. कस्टमर केअरने तीनदा व्हिडिओ मागवला, वर म्हणे "पिन नीट दिसत नाही". अहो, ती आत गेलीय, दिसेल कशी! कुरिअरचे 140 माझेच गेले.

दिवा नाही म्हणून लेक अमळनेरला यायलाच तयार होईना. भाचीची हळद हुकली. तेव्हा मी चपापले. जळगावच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, सतरा वेळा "येतील" म्हणणं काय नि दिवा लावणं काय, भीतीला दर वेळी खाऊ मिळाला की ती परत हात पसरते. उत्तर एकदाच द्यायचं, पुढे "तुला काय वाटतं?" (फी परवडत नसेल तर 14416, सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस, फुकट, मराठीतही बोलतात.)

पहिल्या चार रात्री विचारू नका. ती रडली, मी मोरीत जाऊन रडले. पाचव्या रात्री अंधारात पुटपुटणं ऐकू आलं. "सावदा... निंभोरा... रावेर..." एकेका स्टेशनाला लांब फुंकर. बऱ्हाणपूरला झोपली.

दिवा 26 दिवसांनी परत आला. नवा नाही, तोच, पिनेला गोंदासारखं काहीतरी फासलेलं. वायरखाली चमचा सरकवला तरच चार्ज होतो. लाइट गेली की चपला शोधायला बरा पडतो. तीन तारे, पिनेला शून्य. नव्या मॉडेललाही तीच पिन आहे, पाहिलं मी.