रंकाळ्याची फेरी, पोहण्याचा तलाव की जिममधली वजनं?

वहिनींचं वय 54. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करून येणारा आकडा, उणे 1.8 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार; म्हणजे अजून हातात वेळ आहे. त्यांचा सवाल होता, "भावजी, दहा वर्षं रोज रंकाळ्याला फेरी मारतेच की मी. मग हाडं का झिजली?"

फेरी दहा वर्षं तीच आहे, म्हणून. रोजच्या सवयीचा भार हाड मोजतच नाही. हाड अंगावर पडणाऱ्या भारानुसार घडतं, हे ज्युलिअस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकानं 1892 सालीच मांडलं. भार आला की हाड अगदी किंचित वाकतं, त्याच्या बारीक नळ्यांतला द्रव हलतो आणि आत बसलेल्या पेशींना ते कळतं. टेनिसपटूच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते त्यामुळे. उलट अंतराळात वजनच नसतं, तिथं खुब्याची घनता महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्क्यानं उतरते.

आता पर्याय. चालणं हृदयाला, साखरेला चांगलं. शिवाय रंकाळ्यावर मैत्रिणी भेटतात, तेही काही कमी नाही. खुब्याची झीज थोडी मंदावेल, पण मणक्याला त्यातून फारसं मिळत नाही. नेहमीच्या चालीत मधेच जिने किंवा चढ आला तर बरं.

पोहण्याचं कौतुक कोल्हापूरला सांगायला नको. 2010 च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा वीरधवल खाडे इथलाच. पण पाणी वजन उचलून धरतं, आणि हाडाला नेमकं तेच नको असतं. पोहणाऱ्यांची हाडं बहुधा न खेळणाऱ्यांइतकीच भरतात, धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्यांपेक्षा कमी. गुडघे दुखत असतील तर मात्र तलावच बरा.

तालमीचं नाव निघालंच. पाचशे बैठका मारल्या की हाडं लोखंडाची होतात, असं आमच्या गल्लीत अजून मानतात. दम वाढतो, मांड्या भरतात, हे खरं. पण हाड लवकर कंटाळतं. 1984 साली पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर झालेल्या प्रयोगात दिवसाला 36 वेळा दिलेला भार पुरला. त्यापुढे कितीही वाढवला तरी जास्तीचं हाड बनलं नाही. कुस्तीत जोडीदार अंगावर येतो, ती गोष्ट निराळी.

म्हणून माझं मत वजनांकडे झुकतं. ऑस्ट्रेलियातला 2018 चा एक अभ्यास पाहा: पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायका, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आठ महिने, प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजनं आणि थोड्या उड्या. त्यांच्या कमरेच्या मणक्याची घनता 2.9 टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्के घटली. आकडा छोटा वाटेल, पण या वयात घटण्याऐवजी वाढणं हीच मोठी गोष्ट. मात्र त्या बायकांनी पहिल्या दिवशी जड उचललं नव्हतं. आधी हलक्या वजनांवर पद्धत बसवली, मग वजन चढत गेलं. मणक्याला आधी फ्रॅक्चर झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

सांध्यांचा हिशोब वेगळा आहे. भार दिला म्हणून कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, हाडासारखी भरून येत नाही. गुडघा झिजला की कूर्चेखालचं हाड घट्ट होतं, एक्स-रेवर पांढरं दिसतं. ती घनता चांगली खूण नव्हे. मणक्यात तशीच झीज असेल तर डेक्साचा आकडा खऱ्यापेक्षा चांगलाही येऊ शकतो, म्हणून खुब्याचा आकडाही बघावा.

दूध कट्ट्यावर उभं राहून ग्लासभर ताजं दूध प्यावं, जरूर. त्यातून माल मिळतो. बांधकामाचा हुकूम भारच देतो.

वहिनींनी सोमवार-गुरुवार जिम आणि बाकीचे दिवस रंकाळा असं ठरवलंय. जुनं हाड काढून त्या जागी नवं भरायला शरीराला महिने लागतात, म्हणून पुढची डेक्सा वर्षभरानं, आणि त्याच मशीनवर. मशीन बदललं की आकड्यांची तुलना फसते.