लीचेस वापरून एक वर्ष झालं, फुकटच्या अ‍ॅपने घरचा खर्चच बदलला

देवगडात पावसाळ्याचे चार महिने पोरांना घेऊन जायचं कुठे हा प्रश्नच असतो. मागच्या वर्षीपर्यंत दर रविवारी कणकवली, तिथे पिझ्झा, येताना प्लॅस्टिकचं काहीतरी खेळणं, हजार रुपये सहज जायचे आणि खेळणं आठवड्यात माळ्यावर. शिवाय मोबाइलवर ते "फ्री" गेम, त्यात रोज "बाबा फक्त 89 रुपये, हिरे घ्यायचेत".

मग धाकट्याच्या मित्राने मोबाइलवर लीचेस टाकून दिलं. बुद्धिबळाचं आहे, 2010 ला एका फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलेलं, आणि खरंच फुकट, जाहिरात नाही, पुढचं काही उघडायला पैसे नाहीत. डाव संपला की कुठे हत्ती उगाच घालवला ते कॉम्प्युटर दाखवतो, कोडी तर हवी तितकी. चालतं देणगीवर, देणाऱ्याला नावाजवळ पंखांचं चिन्ह मिळतं, बाकी सगळं सगळ्यांना सारखंच. मला हेच सगळ्यात भावलं, कारण पोराला पहिल्यांदा कळलं की पैसे न भरता पण चांगली वस्तू मिळते आणि मग आवडली म्हणून आपणहून पैसे द्यायचे असतात. दिवाळीत मिळालेल्या पैशातले 200 त्यानेच काढून दिले, भाच्याकडून पाठवले.

त्रास एकच, आमच्याकडे लाइट गेली की थोड्या वेळाने रेंज पण जाते आणि घड्याळ काही थांबत नाही, जिंकत आलेला डाव जातो, पोरगं रडकुंडीला येतं. तेव्हा ऑफलाइन कॉम्प्युटरशी खेळायचं.

आजोबा मात्र म्हणाले, "पडद्यार कसलो खेळ, हातात घोडो येवक होयो". म्हणून सावंतवाडीला चितारआळीत जाऊन लाकडी सेट घेतला. दोन रविवारच्या पैशात आला, घोड्याची मान जरा जाड कातलीय पण हातात घेतला की ठेवावासा वाटत नाही, डबा उघडला की अजून रंगाचा वास येतो. आता संध्याकाळी पडवीत फोनमधलं कोडं पटावर मांडतात आणि आजोबा आधी सोडवतात. कणकवली महिन्यातून एकदा, ती पण बाजाराला.

पाचपैकी साडेचार. लहान मुलांना देताना सेटिंगमध्ये किड मोड चालू करा, चॅट आणि मेसेज बंद होतात, ते आम्हाला फार उशिरा कळलं.